पूर्ण एक मिनिट

मित्रांनो, मला ओळखणारी माणसं आता फारशी उरली नाहीत. मी एका आरोग्य केंद्रातला जुना टायमर. तळहातात मावेल एवढा, गोल, निळा, गळ्यात अडकवायला एक मळकी दोरी. माझं बटण दाबलं की मी टिकटिक करतो आणि बरोबर साठ सेकंदांनी ओरडतो. काम एवढंच, पण ते चोख. कारखान्यात आमच्यापैकी ज्यांचं मिनिट जरासं चुकलं त्यांना उचलून भंगारात टाकलं होतं. तेव्हापासून मला या बाबतीत हयगय खपत नाही.

केंद्रातल्या मोठ्या सिस्टर माझ्यासारख्याच होत्या. खोकणारं बाळ आलं की त्याला आईच्या मांडीवर शांत करायच्या, झबलं वर सरकवायच्या, मला दाबायच्या आणि छातीवर नजर रोखून श्वास मोजायच्या. बाळ रडलं तर पुन्हा पहिल्यापासून. घाई करणाऱ्या बापाला म्हणायच्या, "अहो, बाळ काय पळून चाललंय? थांबा जरा." दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त भरले, की न्यूमोनियाचा संशय. मग लगेच औषध आणि दोन दिवसांनी परत तपासणी. बाळं काही एका चालीत श्वास घेत नाहीत. मध्येच भरभर, मध्येच सावकाश. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं. कितीतरी बाळांचं दुखणं आम्ही दोघांनी वेळेत पकडलं. मला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी पाहणीवाले आले. रुग्ण समाधानी आहेत का, याचा त्यांचा अभ्यास होता. फाटकाशी खुर्ची टाकून एक ताई बसायची. तिच्या कागदावर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. लोकांनी त्यावर बोट ठेवायचं. तक्रार सगळ्यांची एकच निघाली, की इथे फार ताटकळावं लागतं. केंद्राचा नंबर खालून दुसरा आला. वरच्या साहेबांचा फोन येऊन गेला आणि डॉक्टरांचं तोंड उतरलं.

नव्या सिस्टर स्वभावाने फार गोड. त्यांनी यावर तोड काढली. पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचं. "हिशोब तोच ना," त्या म्हणाल्या. अहो, तोच कसा? पण माझं ऐकतं कोण? पंधरा सेकंदांना त्यांचं मनगटावरचं घड्याळ पुरे होतं. माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली, चिकटपट्टी आणि वाळलेल्या पेनांच्या संगतीला. खण नीट लागत नसे, त्यामुळे फटीतून मला सगळं दिसायचं. रांग भराभर सरकू लागली. हसऱ्या चेहऱ्यावर बोटं पडू लागली. भिंतीवर प्रशस्तिपत्रक लागलं. सगळे खूश होते आणि मी मात्र खणात पडून पूर्ण मिनिटं मोजत राहायचो.

एका सकाळी पिवळ्या टोपीतलं बाळ आलं. दहा महिन्यांचं. सोबत आई आणि आजी. "कालपासून धापा टाकतोय हो," आजी म्हणाली. सिस्टरनी पंधरा सेकंद मोजले. श्वास भरले अकरा.

"चव्वेचाळीस. घाबरू नका, साधी सर्दी आहे," असं म्हणून त्या औषध लिहायला लागल्या.

मी मात्र मोजतच राहिलो. सवयच ती! पुढच्या पंधरा सेकंदांत पंधरा. मग सोळा. मग पुन्हा पंधरा. सगळे मिळून सत्तावन्न! मला ओरडायचं होतं, जीव तोडून ओरडायचं होतं. पण बटण कोणी दाबल्याशिवाय मला आवाज नाही. आईने बाळाच्या टोपीची नाडी बांधली आणि ती निघाली. फाटकाशी ताईने विचारलेलं मला खिडकीतून ऐकू आलं. आई म्हणाली, "छान वाटलं. बसावंच लागलं नाही."

पाहणीत आठवड्याने घरी जाऊन पुन्हा विचारायचं असतं. ताई जाऊन आली आणि थेट सिस्टरांच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"त्या पिवळ्या टोपीवाल्या बाळाच्या घरी गेले होते."

"काय म्हणाली आई?"

"समाधानी आहे म्हणाली. तुम्ही किती गोड बोललात ते सांगत होती. तुमची काही चूक नाही म्हणाली."

"चूक? कसली चूक?"

ताईने हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला. "बाळ गेलं, सिस्टर. तिसऱ्या दिवशी. मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाले होते, वाटेतच..."

सिस्टरनी खण ओढला. खोटं कशाला बोलू, मी त्यांच्यावर भयंकर रागावलो होतो. पण मला उचलून त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि दोरी स्वतःच्या गळ्यात अडकवली, तेव्हा राग धरवेना.

आता मी पुन्हा सिस्टरांच्या गळ्यात असतो. रांग पुन्हा लांबली आहे. परवा बाहेरून कोणीतरी दार बडवलं, "एका पोराला इतका वेळ?" आवाजाने मांडीवरचं बाळ दचकलं, रडायला लागलं आणि सिस्टरनी मोजणी सोडून दिली. मित्रांनो, उशीर झाला तर माझ्यावर खुशाल चिडा. पण दार वाजवू नका. आतल्या बाळाचे श्वास मग पहिल्यापासून मोजावे लागतात, आणि तेवढा वेळ प्रत्येक बाळाकडे असतोच असं नाही.