शून्य दिवसाच्या सहा पिशव्या

"सांडतं तुझ्या हातून, इर्या. वय झालं की हात थरथरतात. त्यात लाजायचं काय?"

यार्कोने हे मुद्दाम मार्केत्तादेखत काढलं. ती संशोधन केंद्राची प्रमुख, आणि सकाळच्या कॉफीला तिघंच होते. इर्याने वेलदोड्याच्या पावाचा तुकडा मोडला आणि तसाच बशीत ठेवला. सत्तावीस वर्षं ती या केंद्रात वजनकाट्यावर बसत होती. हात थरथरतात असं तिला तिच्या नवऱ्यानेही कधी म्हटलं नव्हतं, आणि तो तर भांडायला निमित्तच शोधायचा.

प्रकरण असं होतं. तीन वर्षांपूर्वी जाळीच्या चारशे पिशव्यांत स्प्रूस झाडाच्या वाळलेल्या सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पानं, प्रत्येकी पाच ग्रॅम भरून, तोंडं शिवून, त्या जंगलातल्या शेवाळात ठेवल्या होत्या. दर वर्षी शंभर उचलायच्या, साफ करून वाळवायच्या, तोलायच्या. उरलेल्या वजनावरून कुजण्याचा वेग काढायचा. हिशेब यार्कोचा, तोलणं इर्याचं. यार्कोचा वेग इतका भन्नाट निघाला की परीक्षकांनी लेख परत धाडला, वर विचारलं, हे जंगल आहे की खताचा खड्डा? आता दोष अडकवायला त्याला एक मान हवी होती, आणि इर्याची हाताशी होती.

"शुक्रवारी ठरवू," मार्केत्ता म्हणाली. "तोवर काट्याला हात लावू नकोस, इर्या. बरण्या धुवायच्या पडल्यात."

"आणि शुक्रवारनंतर?"

"बरण्या नेहमीच पडलेल्या असतात," यार्को म्हणाला आणि स्वतःच हसला.

इर्याने बरण्या धुतल्या. धुताना तिच्या डोक्यात राग उकळत होता आणि रागाबरोबर आकडेही. संध्याकाळी तिने आपली नोंदवही उघडली. पहिल्या वर्षी शंभरातले सत्तावीस गेले, उरले त्र्याहत्तर. दुसऱ्या वर्षी उरलेल्याचा पाचवा हिस्सा गेला. तिसऱ्या वर्षी पुन्हा पाचवाच. हातून सांडलं असतं तर दर वर्षी सांडलं असतं, कुठल्या पिशवीतून जास्त, कुठल्या पिशवीतून कमी. ही जादा तूट सगळ्या पिशव्यांना सारखी होती आणि एकदाच, सुरुवातीला. तिने उलटा हिशेब मांडला. पहिल्या वर्षीही पाचवाच हिस्सा गेला असेल, तर जंगलात जाताना शंभर नव्हतेच, एक्क्याण्णव होते. मग बाकीचे नऊ कसले?

ती कपाटाकडे गेली. प्रत्येक खेपेच्या सहा पिशव्या जंगलात न नेता कुलपात ठेवायची तिची जुनी सवय होती. त्यांना ती शून्य दिवसाच्या पिशव्या म्हणे. यार्को म्हणे, म्हातारीचं लोणचं. तिने त्या उसवल्या, सुया सहा बश्यांत ओतल्या आणि नव्या ओव्हनमध्ये वाळत ठेवल्या. पाचव्या पिशवीतून जे निघालं ते मात्र तिने पाकिटात घालून खिशात टाकलं.

शुक्रवारी तिने बश्या मार्केत्तासमोर मांडल्या. "मला बंदी आहे. तूच तोल."

मार्केत्ताने तोललं. चार पूर्णांक पंचावन्न. चोपन्न. छप्पन्न. सहाही तशाच, पाच ग्रॅम एकीतही नाही.

"यातली एकही जंगलात गेली नव्हती," इर्या म्हणाली. "कुजायला नाही, सांडायला नाही. भरतानाच सुयांत पाणी होतं. तू शंभरापासून मोजलंस, यार्को. मोजायचं एक्क्याण्णवपासून."

यार्कोचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "म्हणजे ओला माल तोललास! हे सांडण्यापेक्षा वाईट. मार्केत्ता, ऐकलंस ना? स्वतःच्या तोंडाने सांगतेय."

मार्केत्ता इर्याकडे वळली. तिच्या नजरेत बरण्याच दिसत होत्या. यार्को हेच म्हणणार हे इर्याला ठाऊक होतं. तिने पाकीट काढून टेबलावर उपडं केलं.

"पान?" मार्केत्ताने विचारलं.

"बर्चचं. अजून हिरवट आहे बघ. स्प्रूसच्या सुयांत, शिवलेल्या जाळीत, कुलपाच्या कपाटात. जंगलातल्या पिशव्यांतही नखाएवढे तुकडे निघायचे. शेऱ्यांच्या रकान्यात अकरा वेळा लिहिलंय, 'बर्चचं पान'. मला वाटायचं, वाऱ्याने आलं. भरतानाच दिसायला हवं होतं, ती चूक माझी, लिहून घे. पण पान आलं कुठून?" ती यार्कोकडे वळली. "तेव्हा ओव्हन जळला होता. सुया सॉनात वाळवू, ही कल्पना तुझी. मी सुयांच्या पाट्या वरच्या फळीवर लावल्या, सत्तर अंशांवर ठेवल्या आणि शुक्रवारी भावाकडे गेले. सोमवारी आले तर पाट्या जागच्या जागी. तू म्हणालास, हाडासारख्या वाळल्यात, भर पटापट."

"कुठला शुक्रवार?" मार्केत्ताने विचारलं.

"युहान्नुसचा."

उन्हाळ्याच्या मध्यावरचा तो सण. त्या संध्याकाळी या देशात शेंबडं पोरही ताज्या बर्चच्या डहाळ्यांची जुडी बांधून सॉनाच्या वाफेच्या खोलीत जातं, तापल्या दगडांवर पाणी ओततं आणि जुडीने पाठ झोडून घेतं. मार्केत्ता यार्कोकडे वळली.

"मग काय, युहान्नुसला सॉना सोडायचा?" यार्को फुटला. "तासभर खाली काढल्या पाट्या! परत ठेवल्या की! दोन-तीन बादल्या पाण्याने काय होतंय?"

बादल्या कोणी विचारल्या नव्हत्या. खाई त्याला खवखवे.

"नऊ टक्के होतंय," मार्केत्ता म्हणाली. "लेख मागे घे. सगळा हिशेब पुन्हा कर. आणि परीक्षकांना कारण कळव."

"ओलाव्याची चूक, असं लिहितो."

"कोणाची तेही लिही," इर्या म्हणाली.

दाराशी तो तिच्या अंगाला अंग घासून थांबला. "झालं समाधान, आजी?"

"नाही झालं. पाणी ओतलंस ते मी सोडलंही असतं. पण बादल्या तुझ्या आणि थरथरणारे हात माझे, हे तू गावभर सांगत फिरलास. आता बरण्या तू धू. अजून तेरा राहिल्यात."

तो मार्केत्ताकडे वळला. मार्केत्ता खिडकीबाहेर पाहत होती.

इर्याने खुर्ची काट्यापुढे ओढली, नोंदवही उघडली आणि पाचव्या पिशवीसमोर शेऱ्यांच्या रकान्यात बाराव्यांदा लिहिलं, बर्चचं पान, एक. मग पेन उचललं होतं ते पुन्हा टेकवलं आणि पुढे लिहिलं: यार्कोचं.