गुरुवारचं रडगाणं

लॉन्ड्रीत गाणी लावायचे वार वाटून दिलेले होते. एका खोलीत दिवसभर वाफेत उभं राहायचं म्हटलं की माणसं कशावरूनही भांडतात, आणि गाण्यांवरून तर हटकून भांडतात, म्हणून मुकादमाने कधीतरी वैतागून तो निकाल लावून टाकला होता. सोमवार ड्रायव्हरचा, मंगळवार शिलाईवालीचा, असं करत करत गुरुवार बॉयलरवाल्याचा आणि शुक्रवार धाकटीचा. आपल्या वारी आपण हवं ते लावायचं, बाकीच्यांनी मुकाट ऐकून घ्यायचं. कुणाला फारच सोसवेना तर कानात कापूस घालायची मुभा होती.

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. दोघी एका घरातल्या आणि एकाच मशीनवर, त्यामुळे अख्खी लॉन्ड्री त्यांना थोरली-धाकटीच म्हणायची. मशीन म्हणजे एक भलामोठा गरम रोलर. हॉस्पिटलच्या ओल्या चादरी एका बाजूने आत जायच्या आणि दुसऱ्या बाजूने वाळून, इस्त्री होऊन बाहेर यायच्या. बाहेर आलेल्या चादरीची दोन टोकं थोरलीने धरायची, दोन धाकटीने. मागे सरायचं, एक झटका द्यायचा, समोरासमोर यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे. दिवसभर हेच, जवळ यायचं आणि लांब जायचं. इतकी वर्षं झाली होती की आता एकमेकींकडे बघायचीही गरज पडत नव्हती.

धाकटीचा नवरा जाऊन काही महिने झाले होते. चांगला धडधाकट माणूस, बसल्या जागी गेला. थोरलीचा तो दीर, पण दीर आपला म्हणायचा. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली आणि हा अर्ध्या चड्डीतला, नाक वाहणारा. तिनेच त्याला न्हाऊ घातलं, तिनेच शाळेत धाडला, तिनेच पोरगी बघून लग्न लावून दिलं. तो गेला तेव्हा थोरली रडली नाही. थोरलीचा नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला, धाकटीची शुद्ध हरपलेली. कुणीतरी उभं राहायला नको का? दुसऱ्याच दिवशी थोरलीने त्याचे कपडे, चपला, सगळं बांधून देऊन टाकलं. डोळ्यांसमोर नको, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील, असा तिचा हिशेब. घरात त्याचं नाव काढायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. थोरली काढत नव्हती, म्हणून बाकीचेही काढत नव्हते.

एका शुक्रवारी धाकटी कामावर आली आणि आपला वार बॉयलरवाल्याला देऊन मोकळी झाली.

आता हा बॉयलरवाला म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. बाराही महिने काळा शर्ट, गाल बसलेले, बोलणं मोजून मापून. लॉन्ड्रीत त्याला अमावस्या म्हणायचे, अगदी तोंडावर, आणि तोही ओ द्यायचा. तरुणपणी कुठल्याशा बँडमध्ये तो बेस गिटार वाजवायचा म्हणे. त्याचा गुरुवार म्हणजे सगळ्यांना शिक्षा. आधी नुसता बेस, भिंतीपलीकडे कुणी फर्निचर सरकवतंय असा. मग ड्रम, एकाच ठोक्याचा, ना कमी ना जास्त. गिटार कुठेतरी लांब, गारठलेली. आणि वर एक माणूस, गात नाहीच, सांगतोय, आपल्याच भाषेत पण जड आवाजात, तुम्ही ऐका नाहीतर ऐकू नका. शिलाईवाली म्हणायची, याच्या गाण्यापेक्षा वॉशिंग मशीन बरं, निदान शेवटी कपडे तरी निघतात.

गुरुवारी हे, आणि आता शुक्रवारीही हेच. वर धाकटीने ती गाणी फोनमध्ये भरून घेतली. संध्याकाळी घरी आली की आपल्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची, आणि दाराखालून तो बेस घरभर पसरायचा. जेवायला हाक मारली की यायची, दोन घास खायची, उठायची. थोरली तिचं उरलेलं ताट बघत बसायची. आधीच पोरगी अर्धी झालेली, त्यात हे रडगाणं दिवसरात्र कानाशी. एक गेला, आता ही पण जाते हातची, याशिवाय दुसरा विचारच तिला सुचेना.

ती तडक बॉयलरच्या खोलीत गेली.

"तुम्हाला काही लाजलज्जा?" तिने सुरुवातच तशी केली. "घरात माणूस गेलंय तिच्या. आणि तुम्ही तिला हे असलं ऐकवताय."

अमावस्या वाफेचा काटा बघत होता. काटा बघून झाल्यावरच तो वळला.

"मी नाही ऐकवलं. तिने मागितलं."

"मागेल ती विषसुद्धा. द्याल?"

"बाई, बसा," तो म्हणाला. ती बसली नाही. "याला पोस्ट-पंक म्हणतात. त्याच्याआधी होतं ते पंक. ते चिडलेल्या पोरांचं होतं, नुसता आरडाओरडा. मग ती पोरं चिडून चिडून दमली. दमल्यावर जे वाजवायला लागली ते हे. हे दमलेल्या माणसांचं आहे, दुसरं काही नाही."

"दमलेल्या माणसाला झोप लागते. गाणं लागत नाही."

"तिला झोप लागते का?"

थोरलीचं डोकं जास्तच फिरलं. ती तिथून निघाली ती मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. वार बंद करा म्हणाली. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, काही झालं तर कोण जबाबदार? जबाबदार हा शब्द ऐकला की मुकादमाला घाम फुटायचा. दुसऱ्या दिवसापासून वार बंद, रोज एकच, नाचरी गाणी.

आणि लॉन्ड्रीतली माणसं काय वाईट होती का? सगळी धाकटीसाठी झटायला लागली. ड्रायव्हर गाड्या लावून आत येऊन विनोद सांगायचा. शिलाईवाली तिच्यासमोर कंबर हलवून दाखवायची. धाकटी हसायची. हसायला सांगितलं की माणूस हसतं तसं. गाणी अशी धावती की सगळ्यांचे हात भराभर चालायला लागले. मशीन मागे पडायला लागलं आणि माणसं रिकाम्या हातांनी चादरीची वाट बघत उभी. मुकादम खूश. एवढा उत्साह आलाच आहे तर म्हणून त्याने रोलरचा वेग वाढवून टाकला. कुणी हरकत घेतली नाही. थोरलीनेही नाही, आणि तिला तर हातात चादर आली की कळतं. चादर पुरती वाळत नव्हती, किंचित सर्द लागत होती. पण तिचं सगळं लक्ष समोरच्या चेहऱ्याकडे होतं.

त्या चेहऱ्यावर काही येत नव्हतं. आठवडाभराने धाकटीने मुकादमाला सांगून मशीन सोडलं आणि मळक्या कपड्यांच्या खोलीत काम मागून घेतलं. तिथे एकटंच बसायचं, रक्ताच्या-औषधांच्या चादरी वेगळ्या काढायच्या. कुणी आपणहून तिकडे जात नाही. थोरलीसमोर शिलाईवालीची भाची उभी राहिली, आणि तिची टोकं काही केल्या जुळेनात.

त्या संध्याकाळी भाजी निवडताना धाकटी म्हणाली, "ताई, मी भावाकडे जाईन म्हणते."

"चार दिवस जाऊन ये. बरं वाटेल."

"चार दिवस नाही. राहायलाच."

थोरलीच्या हातातली जुडी तशीच राहिली. बोलायला बरंच होतं. नको जाऊस गं, एवढं तरी. पण ती म्हणाली, "बघ बाई, तुझं तुला कळतं." आणि भाजी धुवायला उठली. ती कितीतरी वेळ ती भाजी धूत राहिली.

सर्द चादरींचं व्हायचं ते झालंच. घड्या घालून, दाबून, प्लॅस्टिकमध्ये बांधून पाठवलेल्या चादरी हॉस्पिटलने उघडल्या तर कुबट वासाचा भपकारा. कुठे काळे ठिपके. अख्खा माल परत आला, गाड्या भरभरून, आणि ड्रायव्हरला तेव्हा एकही विनोद सुचला नाही. मुकादमाने सगळ्यांना फैलावर घेतलं, वेग कुणी वाढवला होता हे सोयीस्कर विसरून. सगळं पुन्हा धुवायचं, पुन्हा वाळवायचं. रोलर मूळच्या वेगावर आला. गाणी बंद, स्पीकरची वायरच काढून टाकलेली. आणि माल वेळेत निघायचा तर मशीनवर थोरली-धाकटीच हव्यात, म्हणून धाकटीला परत बोलावलं.

दोघी समोरासमोर आल्या. गाणं नाही, कुणाचं बोलणं नाही, नुसता रोलरचा घरघराट. आपण हौसेने घातलेला सगळा घाट आता कुबट होऊन समोर ढिगाने पडलाय, हे थोरलीला दिसत होतं. टोकाला टोक लावायला धाकटी जवळ आली तेव्हा तिने विचारलं, "त्या रडगाण्यात तुला मिळतं तरी काय?"

धाकटी मागे गेली. पुढच्या चादरीला जवळ आली तेव्हा म्हणाली, "काही मिळत नाही."

"मग?"

पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

"सगळे मला हसवायला बघतात, ताई. मी हसले की त्यांना बरं वाटतं, म्हणून मी हसते. दिवसभर हसून मी थकते. त्या गाण्यातला माणूस माझ्याकडे बघतच नाही. घरी आलो, दिवा लावला, काय करायचं कळेना म्हणून विझवला, असलं काहीतरी सांगत बसतो. त्याला माझ्याकडून काही नको असतं. त्याच्या शेजारी बसून राहता येतं, एवढंच."

"आणि आम्ही? घरात माणसं नाहीत का बसायला?"

 टोक हातात देऊन धाकटी मागे सरली.

थोरलीने तेवढी घडी गठ्ठ्यावर ठेवली, पुढची चादर शिलाईवालीच्या भाचीच्या हातात कोंबली आणि बॉयलरच्या खोलीत गेली. अमावस्या पाठमोरा होता. माफी मागायची म्हणजे थोरलीच्या जिवावर यायचं, त्यामुळे ती नुसती म्हणाली, "वायर आहे का ती?"

"आहे."

"लावा. ते तुमचं, दिव्याचं."

त्याने वायर जोडली आणि मुकादमाच्या केबिनकडे बघून आवाज बेताचाच ठेवला. थोरली आपल्या जागी परत आली. बेस सुरू झाला, मग तो एकसारखा ठोका, आणि थोरलीच्या लक्षात आलं की रोलरची चाल नेमकी हीच आहे. हात आपोआप चालायला लागले. मागे, झटका, पुढे, टोकाला टोक. ती मनात म्हणत होती, ऐकून तर बघू काय एवढं आहे त्यात. ऐकण्यासारखं काही नव्हतंही. तो माणूस जड आवाजात सांगत होता, घरी आलो, दिवा लावला. कुणाला समजवत नव्हता की धीर देत नव्हता. उभं राहा म्हणत नव्हता.

इतक्या महिन्यांत थोरलीला कुणी काही करायला सांगत नाहीये असं पहिल्यांदाच होत होतं. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. पायांत नाही, हातांत नाही, कुठेतरी आत, जिथे ती बघत नव्हती तिथे. चादर हातात धरून ती पुढे आली, टोक टेकवलं आणि मागे जायची विसरून गेली.

"आला की आधी पातेल्यांवरची झाकणं उघडायचा," ती म्हणाली. "मोठा झाला तरी. हात न धुता. मी ओरडायची. आता संध्याकाळी स्वयंपाक करते आणि झाकण ठेवायला माझा हात होत नाही गं."

 मग तिला आवरेना. भर कामाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, हुंदक्यावर हुंदका, एखादं पोर रडावं तशी थोरली रडायला लागली. रोलर चालूच होता. एक चादर बाहेर आली आणि धरायला कुणी नाही म्हणून खाली पडली, तिच्यावर दुसरी. शिलाईवाली धावत निघाली होती, तिला अमावस्याने हाताने थांबवलं.

धाकटी हलली नाही. चादरीच्या टोकांसकट तिने थोरलीचे हात धरून ठेवले होते.

"मला वाटायचं, मी रडले तर तू उभी राहणार नाहीस," थोरली कसंबसं बोलली.

"आणि मला वाटायचं, तुम्हाला काही वाटलंच नाही," धाकटी म्हणाली. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसत नव्हती. "दुसऱ्या दिवशी त्यांच्या चपलाही दारात नव्हत्या. मला वाटलं, या घरात ते फक्त माझेच गेलेत. म्हणून निघाले होते मी, ताई."

 थोरली नुसती मान हलवत राहिली, नाही, नाही, अशी. गाणं संपलं आणि तसलंच दुसरं सुरू झालं. खाली चादरींचा ढीग वाढत होता. त्या सगळ्या आता परत धुवाव्या लागणार होत्या.

"लहानपणी कसे होते हे?" धाकटीने विचारलं. "मला कुणी कधी सांगितलंच नाही."