सोसनची पानं

माझा भाऊ अफान दोहाला नोकरीला असतो. गेल्या सुट्टीत त्यानं अम्मीसाठी सोसनचे कंद आणले. आयरिस म्हणतात त्याला. श्रीवर्धनच्या हवेत फूल कधी आलंच नाही, नुसती लांब पानं. अफान परत गेला, पानांवर तपकिरी ठिपके उठले आणि त्याचे फोन सुरू झाले.

एरवी ईदेला दोन मिनिटं बोलणारा माणूस रोज व्हिडिओ कॉलवर पानं बघायला मागू लागला. ठिपक्याला पिवळी कड आहे ना, मग बुरशी, ती पानं काप आणि जाळ. अम्मी पान पालथं करून दाखवायची आणि तेवढ्यात त्याचं तोंड बघून घ्यायची. तिचे गुडघे चोळते मी, दवाखान्यात नेते मी. पण पिकतं तिथे विकत नाही.

ठिपके गेले. फोनही गेले.

मग पानांचे शेंडे करपले, अम्मीनं त्याला कळवलं आणि फोन पुन्हा आले. "खारं पाणी लागतंय काय, अम्मी?"

"न्हाय रे बाबा."

एका सकाळी अम्मी सुके बोंबील धुतलेलं पाणी घेऊन परसात निघाली. ते आमच्याकडे माडाला घालतात, माडाला मीठ मानवतं. ती माडावरून पुढे गेली आणि सगळं पाणी सोसनच्या कुंडीत ओतलं. मला वाटलं, नजरचुकीनं ओतलं.

"अम्मी, तो माड न्हाय."

"मला दिसतंय."

"मग?"

"पान बरं असलं की तो फोन करत न्हाय."

मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त त्याचा. अफानला मी काही सांगितलं नाही.

पुढे बुडखा मऊ पडला. पान ओढलं तर हातातच आलं, घाण वास सुटला. अफाननं फोनवर बघितलं आणि म्हणाला, "कंदच सडलाय. टाकून दे अम्मी, कशाला दगदग करतेस?"

त्यानंतर फोन नाही. रमजान सुरू झाला तरी नाही.

काल अम्मी ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "आफरीन, वाडीत बघून ये गं. सुपारीची पानं पिवळी पडलीत काय कुठं?"

मी पूर्ण वाडी फिरून आले.

"न्हाय अम्मी," मी म्हटलं, "सगळी हिरवीगार हायेत."

तिनं फोन पालथा ठेवला.