अकरा कान

उत्कर्षाने गाठोड्याची गाठ शेवटी दातांनी सोडवली आणि आतले वाळके कान घोंगड्यावर मांडायला घेतले. मेंढ्यांचे कान. मीठ-हळद लावून वाळवलेले, पन्नास वर्षे चुलीच्या धुरात टांगलेले, जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखे कडक. शेजारी तिने प्लास्टिकची मोजपट्टी ठेवली. लघुप्रबंधात फोटो टाकायचा, तर माप दिसायला हवे.

"हितंच बग," भिंतीला टेकून बसलेली बनाबाई म्हणाली. "हिशेब मिटल्याबिगर गाठोडं उंबऱ्याभायेर जात न्हाय." म्हातारीला आता उजेड आणि अंधार एवढेच कळे.

उत्कर्षा सोलापुरात वित्तीय इतिहासात एम.ए. करत होती. वर्गातल्या बाकीच्यांनी बँका, पतपेढ्या, गिरण्यांचे भांडवल असे भारदस्त विषय घेतले. हिने घेतली मेंढरं. सांगोल्याकडच्या गावांत पूर्वी मेंढ्या अर्धलीने देत. एकाने द्यायच्या, दुसऱ्याने सांभाळायच्या, होतील ती कोकरे निम्मी-निम्मी. कागद नाही, अंगठा नाही, आणि नेमके हेच तिच्या सरांच्या घशाखाली उतरत नव्हते. "आठवणी छान असतात हो, पण तळटीप कुठून देणार? अस्सल साधन आणा, नाहीतर चौथं प्रकरण काढून टाका," असे त्यांनी चहा ढवळता ढवळता सांगून टाकले होते. सोमवारी प्रबंध द्यायचा होता, आणि ते प्रकरण गेले तर नुसते पुठ्ठेच उरणार होते.

अस्सल साधन आता पुढ्यात होते. सांभाळायला दिलेली मेंढी मेली, तर तिचा खुणेचा कान कापून धन्याला आणून द्यायचा, अशी रीत. व्यवहार संपला की घेणाऱ्याच्या घरच्याने येऊन किती मेल्या तो आकडा सांगायचा, धन्याच्या घरच्याने 'व्हय' म्हणायचे आणि मग कान पुरून टाकायचे. बनाबाईचा नवरा बिरुदेव याने दिलेला शेवटचा कळप तेवढा मिटायचा राहिला होता. बहात्तरच्या दुष्काळात अकराच्या अकरा मेंढ्या मेल्या, असे सांगून घेणाऱ्याने कान आणून दिले आणि 'व्हय' ऐकायला न थांबता बायकापोरांना घेऊन करकंबला गेला, तो पुन्हा फिरकला नाही. तो घेणारा म्हणजे कुंडलिक, उत्कर्षाचा सख्खा आजा.

करकंबला आज्याने पाच मेंढ्यांवर संसार उभा केला. दुष्काळी कामावर खडी फोडून त्याने त्या विकत घेतल्या, ही गोष्ट घरात दर सणाला सांगितली जाई. त्या पाचांचा कळप झाला, कळपावर वडील शिकून मास्तर झाले, आणि मास्तरकीवर हिची एम.ए. चालली होती. प्रबंध सुरूही झाला नव्हता, तेव्हा तिने अर्पणपत्रिका टाइप करून ठेवली होती: 'आज्याच्या पाच मेंढ्यांना'.

"आज्जी, तुमच्या घरची खूण कोणती?"

"डाव्या कानाला, खालच्या अंगाला खाच. उजव्याला आमी कदी सुरी लावली न्हाय."

उत्कर्षाने ते वहीत उतरवले आणि कान नीट लावू लागली. केसाळ बाजू वर, खाच आपल्याकडे. पहिल्याचे टोक डावीकडे गेले, दुसऱ्याचेही डावीकडे. तिसऱ्याचे उजवीकडे गेले. आपणच चुकलो असे वाटून तिने तो उलटा केला, तेव्हा टोक डावीकडे आले खरे, पण बिनकेसांची आतली बाजू वर आली. तिने तो पुन्हा सरळ केला. मग उरलेले सगळे घाईघाईने लावले.

सहा डावे होते आणि पाच उजवे. उजव्यांनाही खाच होती, पण कच्च्या हाताने पाडलेली, फाटल्यासारखी.

सहाच मेंढ्या मेल्या होत्या. त्यांतल्या पाचांचे दोन्ही कान कापून आज्याने अकरा भरवले होते आणि जिवंत पाच घेऊन तो करकंबला गेला होता. उत्कर्षाला लाज वाटली, आणि आज्याचा रागही आला. पाठोपाठ वाटले, हे सापडायला आपणच का हवे होतो.

"आज्जी, नंतर कुणाला दिली का हो मेंढरं?" तिने विचारले.

"न्हाय. मालकानं गाठोडं एकदा सोडलं, घटकाभर बगितलं, परत बांधलं. मला काय बोललं न्हाईत. पुडं गुंडाच्या बापानं पाय धरलं. फुलाबाई पदर पसरून दारात बसली. लई गरीब मानसं ती. पर दिली न्हाईत. त्यांचं बगून गावानंच बंद केलं."

चौथ्या प्रकरणात उत्कर्षाने लिहिले होते की दुष्काळ आणि बँकांचा प्रसार या दोन कारणांनी अर्धल बंद पडली. सरांनी प्रकरण नाकारले होते, पण त्या एका वाक्याखाली 'उत्तम' असा शेरा मारला होता.

"मग किती भरली, पोरी?" बनाबाई पुढे सरकली. "घेनाऱ्याच्या घरची हायेस तू. तुज्या तोंडनं आयकायचं हाय. मी व्हय म्हनते, मग ने गाठोडं तुज्या सरांना दावायला, पुरू मागनं."

आपल्या घरच्या भिंतीवरच्या फोटोतला फेटेवाला आजा उत्कर्षाच्या डोळ्यांपुढे आला. त्याला दर दसऱ्याला हार घालणारे वडील आले. तिने तळहाताने सगळे कान एकत्र लोटले, ढीग केला आणि त्या ढिगाचा फोटो काढला. मोजपट्टी बाजूलाच राहिली.

"अकरा," ती म्हणाली.

बनाबाईने ढिगात हात घातला. एका कानाच्या कडेवरून अंगठा फिरवला, तो ठेवला, दुसरा घेतला. मग तिने चाचपत फडक्याची चार टोके गोळा केली आणि गाठ मारली. 'व्हय' काही तिने म्हटले नाही.

"वर खिळ्याला अडकीव. व्हतं तितंच."

उत्कर्षा पाटावर चढली आणि तिने हात उंच केले.

"तुजा आजा बी अकराच म्हनला व्हता," मागून बनाबाई म्हणाली.

खिळा उत्कर्षाला समोर दिसत होता, पण गाठोडे काही केल्या अडकेना.