आबांना भेटायला कोण आलं

आमचा भाऊ जयराज सांगलीत हळदीचा अडत्या. वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने लगेच आपला वाटा उचलला, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. नाव ठेवलं 'आबांची तब्येत'. त्यात सगळे पाहुणे, त्याचे सासूसासरे, बाजारातले व्यापारीसुद्धा घातले. मग मला फर्मान आलं, "क्रांती, रोजची नोंद टाकत जा. बीपी, जेवण, झोप, वॉकर. व्यवस्थित पाहिजे."

मी कराडचं सासर सोडून म्हसवडला माहेरी येऊन राहिलेली. बेडपॅन मी धुवायचं आणि व्यवस्थितपणा साहेबांनी शिकवायचा. तरी लिहायची. संध्याकाळी वही घेऊन आबांच्या कॉटशेजारी बसायची आणि पानाचा फोटो ग्रुपवर टाकायची. त्याखाली जयराज हात जोडायचा आणि पाहुणे त्याचंच कौतुक करायचे. मुलगा असावा तर असा म्हणे!

आबांनी मात्र नोंदीत आपली भर घातली. फौजेत त्यांनी बरीच वर्षं गेटवर ड्यूटी केलेली. "आत कोन आलं, कोन ग्येलं, त्ये पयलं लिव," म्हणाले. "त्याबिगार नोंद कसली?" मग रोज पानाच्या वरच भेटायला आलेल्यांची नावं. नानासो नारळपाणी घेऊन आले. सुलाबाई आली आणि खुबा मोडून कोण कोण मेलं ते सांगून गेली. शेजारचा जाफर तर रोजच यायचा, आबांना धरून उभं करायचा.

आठवड्याभरात जयराजचा फोन. "कोण आलं-गेलं ते कशाला लिहितेस? तब्येतीचं तेवढं लिही."

कशाला ते मला चांगलं कळलं. एवढ्या नावांत त्याचंच नाव नव्हतं, आणि त्याची सासू चष्मा लावून वाचणारी बाई.

"तू ये, तुझंपण लिहिते," म्हटलं.

त्याला कधी अमावास्या आडवी यायची, कधी हळदीचे सौदे, कधी गाडीचं सर्व्हिसिंग. सांगली काय परदेशात आहे? आबा बिचारे रोज सकाळी दाढी करून मागायचे आणि गाडी वाजली की मान उचलायचे. असल्या माणसाला भाऊ म्हणायची मला लाज वाटायची.

काल संध्याकाळी वही उघडली तर आबा म्हणाले, "लिव, जयराज आला हुता."

"आवं आबा, कवा?"

"दुपारी. तू दळनाला ग्येलतीस तवा."

काल मी घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

"आबा, खोटं कशाला लिवायचं?"

"वाचंल त्यो. लाज वाटंल त्येला. सकाळच्याला निघतुय का न्हाई बग."

मी लिहिलं आणि फोटो टाकला. म्हटलं, बघू या गड्यात काही शिल्लक आहे का.

आधी ग्रुपवर त्याच्या सासूबाईंची फुलं आली. एवढ्या व्यापातून जावईबापू जाऊन आले, धन्य! मग पाहुण्यांच्या टाळ्या. शेवटी खुद्द जयराज: "आबांना बघून समाधान वाटलं. कर्तव्यच आहे ते."

"काय म्हनला?" आबांनी विचारलं.

मी जसंच्या तसं वाचून दाखवलं.

आबांनी मान उशीवर टेकली. मग म्हणाले, "आता कशाला येतुया त्यो? येऊन ग्येला की."