राखेच्या ठोकळ्यांचं श्रमदान

शाळेच्या भिंतीसाठी कोळशाच्या राखेचे हलके ठोकळे कुरुंद्यात आले, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद जनकाबाईला झाला. वीस वर्षं लाल विटा वाहून तिची मान पार कामातून गेली होती.

पहिल्या दिवशी श्रमदान होतं. सरपंच रामप्रसादरावांनी दोन ठोकळे डोक्यावर घेतले, हसतमुखानं तीन चकरा मारल्या आणि फोटो काढून घेतले. टाळ्या थांबल्या तसे ते मुकादमाला म्हणाले, "राखेची भिंत कुठं टिकती? आमच्या मेव्हण्याच्या भट्टीतल्या लाल विटा आणा."

जनकाबाईनं डोक्यावर चुंबळ ठेवली.

"मंग हे ठोकळे परत धाडायचे का, सरपंच?" मुकादमानं विचारलं.

"न्हाई, ऱ्हाऊ द्या. पुढल्या महिन्यात परत श्रमदान हाय."