तीन ठिपक्यांसाठी दोन कॅमेरे

दिपकला अर्धा किलो वांगी आणायला पाठवलं, तर तो सेनगावचा अख्खा बाजार पालथा घालायचा. प्रत्येक ढिगातलं एक वांगं दाबून बघायचा, भाव विचारायचा, मान हलवायचा आणि सगळं फिरून पुन्हा पहिल्याच बाईपुढे येऊन उभा राहायचा. तोवर तिच्याकडची बरी वांगी लोकांनी उचललेली असायची. बियाण्याच्या दुकानात मात्र हीच खोड त्याच्या कामी येई. दोन वाणांचे दाणे तळहातावर घेऊन कोणतं किती उगवेल ते तो सांगायचा आणि माणसं त्याच्या शब्दावर पेरायची. त्यामुळे घाई न करणं हा आपला मोठा गुण आहे, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. बायको प्रियंका या गुणाला वेगळं नाव द्यायची, पण ते ती फक्त माहेरी उच्चारायची.

शिमग्याच्या सुमारास त्याच्या मायला, गोजरबाईला, खालच्या हिरडीवर फोड आला. जन्मभर मिश्री लावलेलं तोंड. तिनं आठ दिवस अंगावर काढलं आणि मग लेकाला सांगितलं. दिपक काही हातावर हात धरून बसला नाही, हे त्याचे वैरीही कबूल करतील. हिंगोलीच्या डॉक्टरांनी एक सांगितलं म्हणून तो वाशिमच्या डॉक्टरांकडे गेला, त्यांनी दुसरं सांगितलं म्हणून कनेरगाव नाक्यापलीकडच्या एका वैद्याकडे गेला, आणि तिघांचं जुळेना म्हणून चौथ्याकडे. सगळ्यांचे कागद त्यानं तारखेप्रमाणे फाईलला लावले, ताडून पाहिले, पुन्हा पाहिले. यात गणपती येऊन गेले. शेवटी नांदेडच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोजरबाईच्या तोंडात एकदाच बॅटरी मारली आणि इतके दिवस कुठं होता, असं विचारलं. दिपकनं फाईल पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

डाव्या बाजूचा जबडा काढावा लागणार होता आणि त्यासोबत हनुवटीची कातडीही. बारा दिवसांनंतरचा गुरुवार मिळाला. बुधवारी येऊन भरती व्हायचं होतं.

गोजरबाईनं दुखेल का, वाचेन का, यातलं काहीच विचारलं नाही. परत येताना जीपमध्ये तिनं पदराआडून एवढंच विचारलं, "हनुवटी गेली म्हंजे गोंदण बी जाईल का रं?"

तिच्या हनुवटीवर हिरवे तीन ठिपके होते. ती सात वर्षांची असताना जत्रेत गोंदणाऱ्या बाईकडून तिच्या मायनं ते गोंदवून घेतले होते. पोरगी रडत होती आणि मायनं तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. सोनंनाणं माणसं मेल्यावर काढून घेतात, गोंदण तेवढं संगं येतं, असं तिच्या वयाच्या सगळ्याच बाया म्हणतात. पण इतर बाया म्हणतात आणि विसरतात. गोजरबाई त्यावर विसंबून होती. वर गेल्यावर माय आपल्याला त्या तीन ठिपक्यांवरून ओळखणार, हे तिनं साठ वर्षं धरून ठेवलं होतं. आता ते ठिपके आधीच जाणार होते. म्हणून तिनं लेकाकडे एकच गोष्ट मागितली. कापायच्या आधी आपला एक फोटो काढावा, मोठा, ज्यात तिन्ही ठिपके लख्ख दिसतील. आणि आपल्याला नेतील तेव्हा तो छातीवर ठेवावा.

कुणालाही वाटेल की यात काय मोठंसं, खिशात मोबाईल आहेच. दिपकनंही त्याच संध्याकाळी मोबाईलवर फोटो काढला. पण तो मोबाईल आपलं डोकं चालवणारा निघाला. त्यानं गोजरबाईच्या सुरकुत्या पुसल्या, रंग उजळवला आणि ठिपक्यांना डाग समजून तेही साफ करून टाकले. दिपकनं आतल्या सगळ्या सेटिंगा बंद करून पाहिल्या. ठिपके पुसटसे आले, आणि फोटो मोठा केला तर चेहरा मेणाचा दिसायला लागला. जुन्या फोटोंत पाहावं तर लेकाच्या लग्नात ती पदर ओढून बसलेली, आणि आधारकार्डावर तर ती ओळखूच येत नव्हती. गोजरबाईनं मोबाईलवरचा फोटो पाहिला आणि ही कोण बाई, असं विचारलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी दिपक हिंगोलीला मुकुलच्या स्टुडिओत गेला. मुकुलचं घराणं तीन पिढ्यांपासून फोटोच्या धंद्यात. माणूस सरळ आणि जिभेनं गोड. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की कॅमेरा विकत घ्यायची गरजच नाही, मी माझा मोठा कॅमेरा घेऊन घरी येतो, अर्ध्या तासाचं काम आहे. पण गोजरबाईच्या तोंडाला आता वास येत होता. परक्या माणसापुढे तिनं पदर खाली घेणं शक्य नव्हतं, आणि दिपकला ते पक्कं ठाऊक होतं. तेव्हा मुकुलनं खिशात मावतील असे दोन कॅमेरे काउंटरवर ठेवले. एक कोरा होता, तळ्यापलीकडचा बगळा जवळ ओढून दाखवणारा. दुसरा कुण्या निवृत्त अधिकाऱ्यानं विकायला ठेवलेला, कोपऱ्यात पोचा आलेला, लांबचं फारसं न दाखवणारा, पण काच चांगली असलेला. दोन्हींत मोबाईलसारखी चेहरा गुळगुळीत करायची खोड नाही, असं मुकुलनं शपथेवर सांगितलं. "दिपकराव, यातला कोणताही उचला," तो म्हणाला. "तुमचं काम दोन्ही करतील."

कोणताही उचला, हे वाक्य दिपकच्या पचनी पडणारं नव्हतं.

स्टुडिओसमोर नानीबाई फुलं विकायला बसायची. तिच्या मनगटावर गोंदणाची वेल होती. दिपकनं तिला हात पुढे करायला लावला आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढून त्यांच्या मोठ्या प्रती मागवल्या. कोऱ्या कॅमेऱ्यात रेघा ठसठशीत आल्या, पण हिरव्याच्या काळ्या झाल्या. जुन्यात रंग खरा आला, पण कडा जरा मऊ वाटल्या. मग ते उन्हात काढले म्हणून असेल, असं वाटून तिसऱ्या दिवशी सावलीत काढले. चौथ्या दिवशी फ्लॅश टाकून. पाचव्या दिवशी नानीबाई म्हणाली की बाबा, आता हाताचं भाडं दे.

दिपकनं कागदावर मधोमध रेघ ओढली होती. डावीकडे कोरा, उजवीकडे जुना. सेन्सर म्हणजे काय, तो लहान असला तर अंधाऱ्या घरात काय होतं, हे सगळं त्याला आठवड्यात तोंडपाठ झालं. जेवताना तो ते प्रियंकाला समजावून सांगू लागला. ती ताटात बघत ऐकायची.

खरं म्हणजे त्या दिवसांत तो सुखात होता, आणि हे त्याला स्वतःलाही कळत होतं, म्हणूनच तो हिंगोलीच्या गाडीत बसायला सकाळी सातलाच तयार असायचा. दोन कॅमेऱ्यांमधला फरक त्याला समजत होता. प्रयत्न केला तर तो सुटणार होता. मायच्या तोंडात जे चाललं होतं ते समजत नव्हतं आणि सुटणारही नव्हतं. दिवसातून दोनदा प्रियंका आतल्या खोलीचं दार लोटून सासूची जखम धुवायची, पट्टी बदलायची. दिपक तेव्हा अंगणात उभा राहायचा. आत जायची त्याची छाती होत नव्हती. एरवी गोजरबाई डोळ्यांखाली पदर बांधून बसलेली असे, आणि तो तिच्या डोळ्यांशीच बोलायचा.

आठव्या दिवशी प्रियंका पट्टीचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"आवो, आजच काढा फोटो," ती म्हणाली. "मोबाईलनं काढा, न्हाईतर त्या मुकुलभाऊचा कॅमेरा एक दिस मागून आना. सूज चढून राहिली."

दिपकनं तिला सांगितलं की मोबाईलचा काही उपयोग नाही हे सिद्ध झालेलं आहे, आणि दोन दिवसांत निर्णय होतोच आहे.

"तुमी आत येऊन बघा तरी एकदा."

तो म्हणाला, येतो. आणि बैलाला पाणी दाखवायला गेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. पण निदान त्या बंबवाल्यांना आग कुठं लागली ते ठाऊक नसावं. दिपकला ठाऊक होतं.

दोन दिवसांचे चार झाले. बुधवार उजाडला. भाड्याची जीप दारात आली तेव्हा कॅमेरा घेतलेला नव्हता. गोजरबाईनं जीपमध्ये पाय ठेवता ठेवता विचारलं, तेव्हा हिंगोलीत घेतो आणि वाटेतच काढतो, असं त्यानं सांगितलं. तिनं मान डोलावली. लेकाच्या शब्दावर तिचा अजून भरवसा होता.

हिंगोलीत जीप स्टुडिओपुढे थांबली. मुकुलनं दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले. दिपकनं आधी कोऱ्याला हात लावला, मग जुन्याला, मग पुन्हा कोऱ्याला. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तेव्हा त्यानं जुना उचलला, रंग खरा येतो म्हणून, आणि जीपमध्ये बसल्यावर कळमनुरीपर्यंत त्याला वाटत राहिलं की कोराच घ्यायला हवा होता.

वारंगा फाट्यावर ड्रायव्हर चहाला उतरला. दिपकनं जीप एका बंद टपरीच्या मागे घ्यायला लावली होती. तिथं सावली होती, पण अंधार नव्हता. पलीकडच्या पांढऱ्या भिंतीवरून ऊन परतून येत होतं. असाच उजेड हवा हे त्यानं बारा दिवसांत शिकून ठेवलं होतं. त्यानं मायला सीटवर कडेला बसवलं. प्रियंकानं रस्त्याच्या बाजूनं दोन्ही हातांत शाल ताणून धरली.

गोजरबाईनं केस सारखे केले. कुंकू बोटानं चाचपून पाहिलं. मग मानेमागची गाठ सोडून तिनं पदर खाली घेतला, आणि प्रियंकानं एका हातानं हनुवटीवरची पट्टी अलगद काढली.

दिपकनं कॅमेऱ्याच्या पडद्यातूनच पाहिलं.

कॅमेरा खरोखर चांगला होता. कपाळावरची प्रत्येक सुरकुती आली होती, भुवईतला एकुलता पांढरा केस आला होता, कानाच्या पाळीचं फाटलेलं भोक आलं होतं. खाली डाव्या बाजूला जबडा फुगून हनुवटीपर्यंत आला होता. कातडी ताणून काळीनिळी झाली होती, तिच्यावर चकाकी आली होती, आणि मधोमध, जिथं ठिपके असायला हवे होते, तिथं जखमेनं बाहेर तोंड केलं होतं. दिपकनं कॅमेरा जवळ नेला. उजवीकडे नेला. एका कडेला हिरवट काहीतरी दिसल्यासारखं वाटलं, पण तो सुजेचाच रंग होता. आठव्या दिवशी यातलं किती होतं, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. त्याला एवढंच कळलं की बारा दिवस तो दुसऱ्या बाईचं मनगट बघत होता.

त्यानं प्रियंकाकडे पाहिलं. तिनं शाल खाली केली नाही, पण तोंड दुसरीकडे वळवलं.

"तिन्ही दिसून राहिले का रं?" गोजरबाईनं विचारलं. ओठ नीट मिटत नव्हते, शब्द फुटके येत होते. तिनं महिनाभर आरसा पाहिला नव्हता.

"व्हय माय," दिपक म्हणाला. "तिन्ही." आणि त्यानं बटण दाबलं.

तिनं हात पुढे केला. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, असं तो सांगू शकला असता; पण ते सावलीत होते, आणि ती सावली त्यानंच शोधली होती. तिचा हात बाजूला सारणं त्याला जमलं नाही. तिनं कॅमेरा दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिलं. मग उजव्या हाताचं बोट तिनं स्वतःच्या हनुवटीकडे नेलं, पण लावलं नाही.

"कॅमेरा चांगला घेतला तू लेकरा," ती म्हणाली. "हाय तसं दावतो."

तिनं तो त्याच्या हातात परत दिला, पदर वर ओढला आणि प्रियंकाला मागून गाठ बांधायला सांगितली. गाठ घट्ट बसली का, ते तिनं हातानं चाचपून पाहिलं.

"मला नेताल तवा संगं काही ठेवू नका," ती म्हणाली. "रिकामंच जाऊ द्या."

ड्रायव्हर तोंड पुसत आला आणि नांदेडचा रस्ता धरायचा ना, असं त्यानं विचारलं. प्रियंकानं शालीची घडी करून दार ओढून घेतलं, तेव्हा त्यानं गाडी सुरू केली. दिपकच्या मांडीवर कॅमेरा तसाच चालू होता, भिंग बाहेर आलेलं. त्या कॅमेऱ्याचं एकूण एक बटण त्याला पाठ होतं, पण तो बंद कसा करायचा, ते काही केल्या त्याला आठवेना.